पावती फाडली की जबाबदारी संपते का? देणगी, दहशतवादी संघटना आणि हलगर्जीपणाचा कायदा

बिनपगारी_खजिनदार

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीतील एका लहान मराठी मंडळाचा खजिनदार आहे. गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत एका सभासदाने असा प्रस्ताव मांडला की, गणेशोत्सवाच्या शिलकीतील अडीच हजार डॉलर युद्धग्रस्त भागातील अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला द्यावेत. संस्थेचे माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले होते, आत मुलांची छायाचित्रे होती आणि मागच्या पानावर बँक खात्याचा क्रमांक ठळक अक्षरांत होता. नोंदणी क्रमांक मात्र कोठेच नव्हता. मी तो विचारला, तेव्हा आमचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, पावती फाडली की आपली जबाबदारी संपली."

मला ते पटले नाही. दहशतवादाला जाणूनबुजून पैसा पुरवणे हा फौजदारी गुन्हा आहे, एवढे मला ठाऊक आहे. माझा प्रश्न दिवाणी बाजूचा आहे. डॉक्टरने किंवा वाहनचालकाने हलगर्जीपणा केला तर त्याच्याकडून भरपाई मागता येते. मग चौकशी न करता दिलेला पैसा उद्या एखाद्या हल्ल्याला कारणीभूत ठरला, तर मृताचे नातेवाईक देणगीदारावर तसाच दावा लावू शकतात का? माझे स्वतःचे मत असे आहे की त्यांना तो लावता आला पाहिजे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दर्यावर्दी

खजिनदारसाहेब, मंडळाच्या शिलकीत अडीच हजार डॉलर उरले, हीच मुळात चौकशी करण्याजोगी गोष्ट आहे.

काळा_कोट

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे अमेरिकेपुरते उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हलगर्जीपणाच्या दाव्यात वादीला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, त्याने ते पाळले नाही, त्यामुळेच नुकसान झाले आणि ते नुकसान भरून देण्याजोगे आहे. देणगीदाराच्या बाबतीत पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर अडखळायला होते. तिऱ्हाईताने केलेल्या खुनापासून एखाद्या अनोळखी माणसाला वाचवण्याचे कर्तव्य कायदा सहसा कोणावर लादत नाही. त्यातही, मी दिलेल्या शंभर रुपयांतूनच ती गोळी विकत घेतली गेली, हे कोण आणि कसे दाखवणार?

ही अडचण ओळखूनच अमेरिकी काँग्रेसने १९९२ साली दहशतवादविरोधी कायद्यात एक दिवाणी कलम घातले. आंतरराष्ट्रीय दहशतवादी कृत्यात ज्या अमेरिकी नागरिकाला इजा झाली, त्याला किंवा त्याच्या वारसांना तिप्पट भरपाई मागण्याचा हक्क त्याने मिळाला. या कलमाचा खरा कस बॉइम खटल्यात लागला. १९९६ च्या मे महिन्यात वेस्ट बँकेतील बेट एल वसाहतीजवळ हमासच्या बंदूकधाऱ्यांनी डेव्हिड बॉइम या सतरा वर्षांच्या अमेरिकी मुलाला ठार केले. त्याच्या आईवडिलांनी २००० साली शिकागोत दावा लावला, आणि तो मारेकऱ्यांपुरता न ठेवता हमासला पैसा पुरवल्याचा आरोप असलेल्या अमेरिकेतील संस्थांवरही लावला. २००४ मध्ये ज्युरीने ठरवलेली ५ कोटी २० लाख डॉलरची भरपाई कायद्यानुसार तिप्पट होऊन १५ कोटी ६० लाखांवर गेली.

अपील सातव्या सर्किटच्या, म्हणजे शिकागोतील फेडरल अपील न्यायालयाच्या, पूर्णपीठापुढे गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये न्या. रिचर्ड पॉझ्नर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. हमासला पैसे देणे म्हणजे लहान मुलाच्या हाती भरलेली बंदूक देणे, अशी तुलना त्यांनी केली. देणे ही कृती स्वतः हिंसक नसली तरी माणसाच्या जिवाला धोक्याची आहे, असा तिचा आशय होता. देणगी शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी दिली होती, हा बचावही त्यांनी मानला नाही. पैसा एकाच थैलीत जातो. एका खात्याचा खर्च तुम्ही उचललात, तर दुसऱ्या खात्याकडे तेवढी रक्कम मोकळी होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्याच निकालात पॉझ्नर यांनी असेही नमूद केले की नुसता हलगर्जीपणा पुरेसा नाही. ती संघटना दहशतवादी कृत्ये करते हे देणाऱ्याला माहीत असले पाहिजे, किंवा तशी बरीच शक्यता आहे हे जाणूनही त्याने त्याची पर्वा केलेली नसली पाहिजे. "समंजस माणसाला हे कळायला हवे होते" एवढ्यावर तिप्पट भरपाईचा बोजा टाकता येत नाही. सबब, खजिनदारसाहेब, आपले मत न्याय्य वाटले तरी या कलमाखाली ते टिकणार नाही.

मोजपट्टी

मी स्थापत्य अभियंता आहे, कायद्याचा विद्यार्थी नाही. पण कार्यकारणभाव हा आमचाही रोजचा विषय आहे. स्लॅब कोसळला की सळई कमी पडली, सिमेंट कमी पडले की सेंटरिंग लवकर काढले, हे शोधून काढल्याशिवाय आम्ही कोणावरही ठपका ठेवत नाही. १९९५ साली दिलेल्या देणगीचा १९९६ मधील गोळीशी संबंध न दाखवता न्यायालय भरपाई ठोठावत असेल, तर त्याला कायदा म्हणावे की अंदाज?

काळा_कोट

मोजपट्टी, नेमका हाच आक्षेप त्या पूर्णपीठातही घेतला गेला. न्या. रोव्हनर आणि न्या. वुड यांनी बहुमताशी अंशतः असहमत होऊन स्वतंत्र मते लिहिली. कार्यकारणभावाची अट इतकी सैल केली तर कायद्याच्या नेहमीच्या चौकटीतून आपण बाहेर पडतो, असा त्यांच्या आक्षेपाचा एक रोख होता.

पॉझ्नर यांचे उत्तर जुन्या आगीच्या खटल्यांतून आले आहे. दोन बाजूंनी दोन वणवे येतात, एकत्र होतात आणि एक घर जळते. प्रत्येक वणवा एकटाही ते घर जाळायला पुरेसा होता. मग आग लावणारा प्रत्येक जण म्हणेल की माझी आग नसती तरी घर जळणारच होते, आणि दोघेही सुटतील. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने १९२७ सालीच रेल्वेच्या एका खटल्यात ही पळवाट बंद केली होती. हमासला शेकडो जणांनी पैसा दिला म्हणून प्रत्येक जण सुटावा, हे पॉझ्नर यांना मान्य नव्हते.

तरीही सगळे सैल सोडले होते असे मात्र नव्हे. एका प्रतिवादीविरुद्धचा निवाडा त्याच न्यायालयाने रद्द केला. पैसा पुरवण्याला गुन्हा ठरवणारी संबंधित तरतूद १९९४ मध्ये आली आणि तो माणूस १९९३ पासून १९९७ पर्यंत इस्रायलच्या तुरुंगात होता. तारखा जुळल्या नाहीत, म्हणून तो सुटला.

मोजपट्टी

तारखांपुरती का होईना, मोजपट्टी लावली म्हणायची. तेवढ्यावर आज झोप लागेल.

शेवंता

मी पुण्यात एका बँकेच्या व्यवहार-तपासणी विभागात चौदा वर्षे काम केले. परदेशी व्यवहार थांबवून नावे पडताळणे हेच माझे काम होते, म्हणून "जाणणे" आणि "न जाणणे" यांच्यामध्ये काय असते, ते सांगते.

संगणक प्रतिबंधित व्यक्तींच्या याद्यांशी नावे जुळवतो आणि साम्य आढळले की व्यवहार आमच्या पडद्यावर लाल पट्टीसह येतो. दहातली नऊ साम्ये फुकाची असतात, कारण अरबी नावांची रोमन लिपीतील स्पेलिंगे पाच-पाच तऱ्हांनी होतात. एकदा एका धर्मादाय संस्थेकडे जाणारी रक्कम माझ्यासमोर आली. नाव जुळत नव्हते, पण पत्ता जुळत होता; इमारत तीच, मजलाही तोच, फक्त संस्थेचे नाव नवे. ग्राहकाला दूरध्वनी केला तेव्हा तो चिडून म्हणाला, "मॅडम, मला काही विचारू नका, मला काही माहीत करून घ्यायचे नाही." मी हे वाक्य जसेच्या तसे नोंदवहीत उतरवले. माझ्या साहेबांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि तो व्यवहार पुढे गेला नाही.

"मला माहीत नाही" आणि "मला माहीत करून घ्यायचे नाही" ही दोन निराळी वाक्ये आहेत. काळा_कोट यांनी सांगितलेला पॉझ्नर यांचा निकष वाचताना मला ती पेन्सिलीची रेघ आठवली.

उंबरठा

शेवंताताईंचा अनुभव मोलाचा आहे, पण मला दुसरी भीती वाटते. अशा कायद्यांचा धाक खऱ्या मदतकार्यालाच बसतो. २०१० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'होल्डर विरुद्ध ह्युमॅनिटेरियन लॉ प्रोजेक्ट' या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी असा निकाल दिला की, कुर्दिश पीकेके किंवा श्रीलंकेतील एलटीटीई यांसारख्या घोषित दहशतवादी संघटनेला आंतरराष्ट्रीय कायद्याचा वापर करून वाद शांततेने कसे सोडवावेत याचे प्रशिक्षण देणे, हेसुद्धा 'भौतिक साहाय्य' ठरू शकते. म्हणजे बंदूक खाली ठेवायला शिकवले तरी गुन्हा! भूकंपानंतर किंवा युद्धानंतर ज्या भागावर अशा संघटनेचा ताबा असतो, तेथे धान्याची गाडी तिच्या चौकीवरूनच न्यावी लागते. मग काय, तेथील लेकरांना उपाशी ठेवायचे?

काळा_कोट

उंबरठा, आपली चिंता खोटी नाही. बॉइम निकालात रेड क्रॉस आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांसारख्या संस्थांना वेगळे काढले आहे, कारण त्या संघटनेला नव्हे तर आजारी माणसाला मदत करतात. कागदावर ही सीमारेषा स्वच्छ दिसते. चौकीवर गाडी उभी असताना ती तितकी स्वच्छ दिसत नसणार, हे मीही मान्य करतो.

चर्चगेट_फास्ट

सव्वीस अकराच्या रात्री मी कामावरून निघून दादरला अडकलो होतो, म्हणून हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही. मुंबईच्या संदर्भातील दोन खटले येथे नोंदवतो.

पहिला ब्रुकलिनमधला. नरिमन हाऊसमध्ये मारल्या गेलेल्या रब्बी दांपत्याच्या कुटुंबीयांनी व इतरांनी २०१० साली न्यूयॉर्कमध्ये लष्कर-ए-तैयबा, पाकिस्तानची आयएसआय आणि तिचे माजी प्रमुख यांच्यावर भरपाईचा दावा लावला. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकी सरकारनेच न्यायालयाला कळवले की, आयएसआय व तिच्या माजी प्रमुखांना परकीय शासन म्हणून संरक्षण आहे. त्यांच्याविरुद्धचा दावा फेटाळला गेला आणि अपिलातही तेच कायम राहिले. हमासला देणगी देणाऱ्या संस्थेवर खटला चालतो, मात्र एखाद्या देशाच्या गुप्तचर यंत्रणेवरचा खटला उंबरठ्यावरच अडतो, ही विसंगती मला आजही बोचते.

दुसरा तहव्वुर राणाचा फौजदारी खटला. त्याच्या इमिग्रेशन कंपनीच्या नावाने लष्कर-ए-तैयबाचा हस्तक डेव्हिड हेडलीने ताडदेवला कार्यालय थाटून टेहळणी केली. २०११ मध्ये शिकागोच्या ज्युरीने राणाला लष्कर-ए-तैयबाला साहाय्य केल्याबद्दल आणि डेन्मार्कमधील कटाबद्दल दोषी ठरवले. मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून मात्र सोडले. आता २०२५ च्या एप्रिलपासून तो भारताच्या ताब्यात आहे आणि येथील खटल्याविषयी मी काही बोलणार नाही. मोजपट्टी, तुमचा प्रश्न त्या ज्युरीलाही पडला असावा, असे मला वाटते. संघटनेला साहाय्य केल्याचे सिद्ध होते, पण त्या विशिष्ट रात्रीशी जोडणारा धागा ज्युरीला दिसत नाही.

गोदाकाठ

भारतात अशा देणगीदारावर दिवाणी दावा लावता येतो का, हे कोणी सांगेल का?

काळा_कोट

अमेरिकेसारखे स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही. यूएपीएच्या, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या, कलम १७ खाली, पैसा दहशतवादी कृत्यासाठी वापरला जाण्याची शक्यता आहे हे जाणून तो पुरवणाऱ्याला पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. दहशतवादातून आलेली मालमत्ता जप्त होते, पण ती सरकारजमा होते. पीडिताच्या घरी जात नाही. दिवाणी दावा लावायचाच तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याचा आधार आहे. तेथे मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत असते आणि कोर्ट फी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात भरावी लागते. घरातला कमावता माणूस गेलेले कुटुंब आधी कोर्ट फी भरणार की मुलांची शाळेची फी? प्रत्यक्षात लोक सरकारी साहाय्यावर थांबतात. दहशतवादी हिंसाचारात बळी पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी केंद्राची योजना २००८ पासून आहे. तिची रक्कम आधी ३ लाख होती, २०१६ मध्ये ती ५ लाख झाली.

रावेरकर

एवढी चर्चा झाली आणि केळ्यांचे नाव निघाले नाही, म्हणून जळगाव जिल्ह्याच्या वतीने हजेरी लावतो. हा धागा सुरू करणाऱ्यांच्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचा खटला केळ्यांचाच आहे.

चिकिता ही केळ्यांची बलाढ्य अमेरिकी कंपनी. कोलंबियातील तिच्या बागांच्या भागात एयूसी नावाची निमलष्करी टोळी होती. १९९७ ते २००४ या काळात कंपनीने तिला शंभराहून अधिक हप्त्यांत सुमारे १७ लाख डॉलर दिले. अमेरिकेने सप्टेंबर २००१ मध्ये एयूसीला दहशतवादी संघटना घोषित केले, कंपनीच्या बाहेरच्या वकिलांनी पैसे थांबवा असे बजावले, २००३ मध्ये कंपनीने सरकारकडे जाऊन कबुलीही दिली, आणि तरी हप्ते २००४ पर्यंत चालूच राहिले. २००७ साली कंपनीने गुन्हा कबूल करून अडीच कोटी डॉलर दंड भरला.

ही झाली फौजदारी बाजू. मारले गेलेल्या कोलंबियन शेतमजुरांच्या आणि इतरांच्या वारसांना मात्र १९९२ च्या कलमाचा उपयोग नव्हता, कारण ते अमेरिकी नागरिक नव्हते. शेवटी त्यांचे दावे फ्लोरिडातील फेडरल न्यायालयात, पण कोलंबियाच्या दिवाणी संहितेखाली चालले. जून २०२४ मध्ये ज्युरीसमोर ठेवलेल्या प्रश्नांपैकी एक असा होता की, कंपनी समंजस व्यावसायिकाने वागायला हवे तशी वागली का? "नाही," असे ज्युरीने सांगितले. बळींपैकी आठ जणांच्या कुटुंबांना मिळून ३ कोटी ८३ लाख डॉलर मंजूर झाले. बॉइममध्ये पॉझ्नर यांनी जो दरवाजा बंद केला, तो साधा हलगर्जीपणाचा दरवाजा येथे दुसऱ्या देशाच्या कायद्याने उघडला.

कंपनीचा बचाव असा होता की ती खंडणी होती, दिली नसती तर आमची माणसे मारली गेली असती. आमच्या भागात केळ्यांचा ट्रक अडवून "चहापाणी" मागणारे मी पाहिले आहेत, म्हणून या बचावाकडे मी अगदीच तुच्छतेने पाहत नाही. एकदा रात्री दोन वाजता ड्रायव्हरच्या खिडकीशी टॉर्च रोखली गेली आणि मीच सीटखालचे तीनशे रुपये काढून दिले. पण सात वर्षे दर महिन्याला, हिशेबवहीत "सुरक्षा" असे खाते उघडून, नफ्याचा धंदा चालू ठेवून दिलेल्या पैशाला त्या टॉर्चच्या उजेडातले तीनशे रुपये म्हणता येणार नाही.

दर्यावर्दी

रावेरकर, तुमच्या तीनशे रुपयांची नोंद कोणत्या खात्यात केली होती?

रावेरकर

"डिझेल".

नवखा_पांथस्थ

मग समाजमाध्यमांच्या कंपन्यांचे काय? इसिसच्या चित्रफिती त्यांच्याच मंचांवर पसरत होत्या. त्यांना तर सगळे माहीत होते.

काळा_कोट

२०१६ साली अध्यक्ष ओबामांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने 'जास्टा' कायदा केला आणि घोषित दहशतवादी संघटनेच्या कृत्याला जाणूनबुजून भरीव साहाय्य करणाऱ्यावरही दिवाणी दावा लावण्याची वाट मोकळी केली. भरीव साहाय्य म्हणजे काय, हे ठरवताना कोणता निकाल डोळ्यांसमोर ठेवावा, हेही त्या कायद्यातच लिहिले आहे: १९८३ चा हॅल्बरस्टॅम. त्याची हकीकत मोठी घरगुती आहे. वॉशिंग्टनमध्ये एक घरफोड्या होता. त्याच्याबरोबर पाच वर्षे राहणारी स्त्री त्याची पत्रे टंकित करी आणि हिशेब ठेवी. घराच्या गॅरेजात चोरलेले सोने-चांदी वितळवण्याची भट्टी होती आणि नोकरीचाकरी नसताना घरात संपत्ती वाढत होती. एका रात्री त्याने एका डॉक्टरचा खून केला. तिला खुनाची काहीच कल्पना नव्हती, तरी न्यायालयाने तिला भरपाईस जबाबदार धरले. रोज संध्याकाळी भट्टी पेटते आणि आपण पत्रे टंकित करतो, तेव्हा काय चालले आहे ते कळत नव्हते असे म्हणता येत नाही.

इस्तंबूलच्या रेना क्लबवर १ जानेवारी २०१७ रोजी झालेल्या हल्ल्यात ३९ जण गेले. त्यांतील एकाच्या कुटुंबाने ट्विटर, फेसबुक व गूगल यांच्यावर दावा लावला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. न्या. क्लॅरेन्स थॉमस यांचा मुद्दा असा की, कंपन्यांचे त्या हल्ल्याशी असलेले नाते दूरचे व निष्क्रिय होते. सर्वांसाठी खुल्या मंचावरून इसिसला पुरेसे हुसकावून न लावणे म्हणजे त्या हल्ल्यात जाणीवपूर्वक सहभागी होणे नव्हे. थोडक्यात, वाईट माणसाला हाकलण्यात केलेला आळस हे साहाय्य ठरत नाही. मला व्यक्तिशः हा निकाल या कंपन्यांशी जरा जास्तच सौजन्याने वागतो असे वाटते, परंतु त्यातील तर्क पक्का आहे.

शेवंता

म्हणजे गॅरेजातील भट्टी दिसत असेल तर सुटका नाही, आणि रस्त्यावरून कोण गेले ते पाहिले नाही तर सुटका आहे. आमच्या विभागात नव्या मुलांना हे इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितले नव्हते.

उंबरठा

माझी मूळ चिंता कायम आहे, पण हॅल्बरस्टॅमची गोष्ट वाचून एवढे मानते की दानाचे पावित्र्य सांगून डोळे मिटता येत नाहीत.

बिनपगारी_खजिनदार

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात काय झाले ते सांगतो. मी त्या संस्थेला पत्र लिहून नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावे आणि मागील दोन वर्षांचे हिशेब मागितले. अकरा दिवसांनी उत्तर आले, त्यात पुन्हा तेच माहितीपत्रक होते. या वेळी रंगीत.

आमच्या अध्यक्षांना हा धागा वाचायला दिला. ते म्हणाले की, अमेरिकी कायद्याप्रमाणे नुसत्या हलगर्जीपणाने काही होत नाही, हे तर त्या वकिलांनीच लिहिले आहे, मग अडचण काय? मी त्यांना इतकेच सांगितले की, नोंदणी क्रमांक कोठे नाही हे मी विचारले त्या बैठकीच्या इतिवृत्तात माझा प्रश्न नोंदलेला आहे आणि त्याखाली त्यांची सही आहे. त्यामुळे आपल्याला काही ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. त्यांनी इतिवृत्ताची वही मागवून घेतली आणि ते पान दोनदा वाचले. प्रस्ताव पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला आहे.

दर्यावर्दी

इतिवृत्ताच्या त्या पानाची छायाप्रत घरी काढून ठेवा, साहेब.